सातव्या ओळीला हात लावायचा नाही

त्या शीतगृहात वहिनीला सगळेच वहिनी म्हणत. तिची नणंद तिच्याबरोबर छतावर काम करायची आणि "वहिनी, दोरी सोड", "वहिनी, पाणी आलं" असं दिवसभर ओरडायची. ते ऐकून ऐकून फाटकावरच्या रखवालदारापासून साठीला टेकलेल्या वायरमनपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. आपण नक्की कुणाकुणाच्या वहिनी लागतो, हे तिनं एकदा मोजायला घेतलं होतं. बेचाळीस दीर निघाले, तेव्हा नाद सोडला.

शीतगृहाचं छत म्हणजे पत्र्याचं मैदानच. त्यावर सोलर पॅनेलच्या नऊ ओळी, एकेका ओळीत चोवीस काचा. खाली फळांच्या पेट्या थंडीत कुडकुडत बसायच्या आणि त्यांना गार ठेवायची वीज वरच्या तापलेल्या काचा बनवायच्या. काचेवर धूळ बसली, पाखरं बसून गेली, की वीज घटली. म्हणून दर आठवड्याला धुलाई. फटफटलं की दोघी शिडी चढायच्या. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी कठड्याच्या तारेला. फिल्टरच्या टाकीचं पाणी, लांब दांड्याचा मऊ ब्रश, आणि शेवटी रबरी पट्टीनं पाणी ओढून घ्यायचं. साबण अजिबात नाही, कारण साबणाचा चिकटपणा राहतो आणि धूळ दुप्पट बसते. काचेवर पाय तर स्वप्नातसुद्धा द्यायचा नाही. पाखरांची घाण खरवडायची नाही; तिच्यावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं गप्पा मारायच्या, की ती आपसूक सुटते.

"माणसांचा राग पण असाच काढावा," नणंद म्हणायची.

"मग घरी जाऊन तुझ्या नवऱ्यावर ठेव फडकं."

"त्याला फडकं पुरायचं नाही गं, चादर लागेल."

आणि सगळ्यात मोठा नियम तळहाताचा. पाणी मारण्याआधी काचेवर तळहात ठेवायचा आणि दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर पाणी मारायचं. चटका बसला तर ब्रश ठेवायचा आणि खाली उतरायचं, मग कुणीही बोंब मारो. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच फुटते. हे कुठल्या पुस्तकात वाचून वहिनीला कळलं नव्हतं. तिला ते सोसून कळलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. छत दुसरंच होतं, वहिनी नवी होती. भर दुपारी मुकादम म्हणाला, "मार पाणी." तिनं मारलं. मोठ्या माणसानं सांगितलं तर ऐकायचं, एवढंच तिला तेव्हा ठाऊक. अठरा काचा गेल्या. दुसऱ्या दिवशी मुकादमानं एक कागद पुढे केला, "इथं सही कर." तिला वाटलं, हजेरी असेल. कागदात लिहिलं होतं की वारंवार बजावूनही या बाईनं निष्काळजीपणानं दुपारी पाणी मारलं. काम गेलंच, पण पुढचं वर्षभर कुणी तिला छतावर चढू देईना. जिथे जाईल तिथे कागद तिच्या आधी पोचलेला. आणि वाईट म्हणजे सहा-सात महिन्यांनी तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की सांगितलं असेल बाई मला, मीच ऐकलं नसेल.

सही केली त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं होतं, "वाचलंस का सही करायच्या आधी?"

"नाही."

"मग देवानं तुला पाच बोटं कशाला दिली? नुसता अंगठा दिला असता तरी भागलं असतं."

बाई जिभेनं तिखट, पण ते वाक्य वहिनीच्या जे काळजात बसलं ते बसलं. तिनं कानाला खडा लावला. त्यानंतर किराण्याची पिशवीसुद्धा ती वरचं छापलेलं वाचल्याशिवाय रिकामी करत नसे.

आता सातव्या ओळीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. सहा महिन्यांपूर्वी शीतगृहाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं होतं. बाई स्वभावानं कोरड्या, पण विचारायच्या सरळ.

"तुम्ही धुता, काचा चमकतात, ते मला दिसतं. पण न धुता किती बिघडलं असतं, ते कोण सांगणार? लोक म्हणतात, एक यंत्र घ्या. आपोआप झाडत फिरतं, पाणीसुद्धा लागत नाही."

वहिनी जागच्या जागी म्हणाली, "एक ओळ सोडते. आता पुढे सहा महिने पाऊस नाही. सातव्या ओळीला मी हात लावणार नाही. प्रत्येक ओळीच्या विजेचं मीटर वेगळं आहे. सातवीचा आकडा आणि बाकीच्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. फरक पडला नसेल, तर आम्ही दोघी शिडी उतरतो आणि तुमचं यंत्र वर चढू दे. फरक पडला, तर यंत्राचं नाव काढायचं नाही."

बाईंनी मान डोलावली. ठरलं. म्हणजे वहिनीनं आपली आणि नणंदेची भाकरी त्या एका मळक्या ओळीवर ठेवली होती.

ओळ मळत गेली. महिन्याभरात करडी झाली, तीन महिन्यांत पाखरांनी तिला आपलं घरच मानलं. नणंदेनं तिचं नाव ठेवलं सासूबाई. म्हणजे स्वतःच्या आईचंच नाव ठेवलं, लाज नाही की लज्जा नाही! "बघ ना," ती म्हणायची, "तोंड कळकट, जागची हलत नाही, हात लावायची सोय नाही, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कामाचं माप काढते. आईच आहे ही. पण खोटं बोलणार नाही." खऱ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं नाव काचेला द्या नाहीतर दगडाला. मला जेवण वेळेवर द्या."

रोज कामाच्या वहीत वहिनी स्वतःच्या अक्षरात लिहायची: ओळ एक ते सहा, आठ, नऊ, धुतल्या. ओळ सात, हात लावला नाही. फिल्टरच्या टाकीचं मीटर इतकं. खाली सही. आधी वाचून, मग सही.

सहा महिने संपायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा इस्त्रीसाहेबांच्या डोक्यात फोटो शिरला.

इस्त्रीसाहेब म्हणजे नवे मॅनेजर. येऊन चार महिने झाले होते. त्यांच्या पँटच्या कडेवर भाजी चिरता आली असती, म्हणून हे नाव. माणूस तसा दुष्ट नव्हता, पण वरच्यांना काय दिसेल याच्यापलीकडे त्याला काही दिसत नसे. त्या दिवशी बारा वाजता त्यांना निरोप आला की मोठ्या बाई चार वाजता येताहेत. त्यांनी लगेच फोटोवाल्याला तीन वाजता बोलावलं. वरून उडत्या कॅमेऱ्यानं छताचा फोटो काढायचा आणि बाई आल्या की मोठ्या पडद्यावर दाखवायचा, असा बेत.

ते फिल्टरच्या खोलीत आले, तेव्हा दोघी जणी ब्रश धुऊन वाळत घालत होत्या.

"ती सातवी ओळ लगेच धुऊन टाका. फोटोत किडक्या दातासारखी दिसेल."

"नाही जमायचं," वहिनी म्हणाली.

साहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"एक तर तिला अजून नऊ दिवस हात लावायचा नाही, हे मोठ्या बाईंचं आणि माझं ठरलेलं आहे. तुम्हाला सांगितलंय. वहीतही लिहिलंय. आणि दुसरं, आत्ता बारा वाजून गेलेत. काच तापली आहे. पाणी मारलं की फुटेल."

"सहा महिन्यांचे आकडे जमलेत ना? मग नऊ दिवसांनी काय जग बुडतंय?"

"जग नाही बुडायचं, आम्ही बुडू. उद्या कुणी म्हणालं, ओळ मध्येच धुतली, आकडे कसे धरायचे, तर काय सांगू?"

"ते मी बघतो. आणि काच-बीच काही फुटत नाही. पावसात फुटते का?"

"पावसाच्या आधी ढग येतात साहेब, काच निवते. तुमचा हुकूम ढगाशिवायच आला."

नणंदेनं ब्रशात तोंड लपवलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुम्ही धुता की दुसऱ्याला सांगू?"

"लिहून द्या," वहिनी शांतपणे म्हणाली. "'दुपारी तापलेल्या काचेवर, ठरलेलं मोडून, माझ्या सांगण्यावरून पाणी मारा.' एवढं लिहा, खाली सही करा. मग विचार करते."

"लिहून? तुम्हाला? मी?" साहेब हसले. हसून निघून गेले.

इथे वहिनीचं चुकलं. तिला वाटलं, मिटलं. इतकी वर्षं छतं धुऊनही तिला हे कळलं नाही की ज्याला लिहून द्यायचं नसतं तो माणूस गप्प बसत नाही, तो न विचारणारा माणूस शोधतो.

सव्वादोनच्या सुमारास वरून आवाज आला. टच्च. छोटासाच, अक्रोड फोडल्यासारखा. दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आला नसता. वहिनीच्या हातातून बादली सुटली.

"सासूबाई!" नणंद ओरडली, आणि दोघी धावल्या.

तशा घाईतही वहिनीनं पट्टा बांधला, दोरी अडकवली, मगच शिडी चढली. वर जाऊन बघते तर बागेतला माळी! झाडांना पाणी घालायची नळी हातात, आणि सातव्या ओळीवर सपासप फवारा चाललेला. जुन्या काळी छत धुवायला बोअरची एक लाइन वर घातली होती, तिचं पाणी. जमिनीच्या पोटातलं, गार. नऊ-दहा काचा भिजल्या होत्या. त्यातल्या दोन पांढऱ्या पडल्या होत्या; काचभर बारीक बारीक जाळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तिच्या डोळ्यांदेखत तिसरी गेली. टच्च.

"बंद कर!"

माळ्यानं खाली बघितलं. खाली सावलीत साहेब उभे होते. "चालू ठेव!" ते म्हणाले. "पलीकडूनही मार!" त्यांना खालून काच दिसत नव्हती, चमक दिसत होती.

आता इथे वहिनीला मजा बघत उभं राहता आलं असतं. फुटू देत चोवीसच्या चोवीस, साहेबाची खोड मोडेल, असं एखादीनं म्हटलं असतं. पण सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तिनंच त्या काचा अंघोळ घातल्यासारख्या धुतल्या होत्या. शिडीच्या तोंडाशीच त्या लाइनचा व्हॉल्व्ह होता. तिनं तो गच्च बंद केला. मग कमरेचा पाना काढला, नट सैल केला, व्हॉल्व्हची मूठच उपटून घेतली आणि खिशात टाकली.

नळी आचके देऊन गप्प झाली.

"हा कामात अडथळा आहे!" खालून साहेब ओरडले. "उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

"आजचा दिवस तर संपू दे," वहिनी वरून म्हणाली.

फोटोवाला आला तसा परत पाठवला गेला. साडेतीनला साहेबांनी दोघींना ऑफिसात बोलावलं. वायरमन कोपऱ्यात उभा होता. टेबलावर एक छापील कागद होता. साहेबांचा आवाज एकदम गोड झाला होता.

"हे बघा, मगाशी मी तापलो. विसरून जाऊ. झालं ते झालं, पण तीन काचा फुटल्यात, काहीतरी लिहावं लागेल. इथं सही करा. मी बाईंना सांगतो, साध्या गरीब बायका आहेत, चूक झाली, सांभाळून घ्या. तुमचं काम जाणार नाही, शब्द देतो."

वहिनीनं कागद उचलला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. सफाई चालू असताना सफाई कामगारांकडून तीन पॅनेल फुटली. अकरा वर्षांपूर्वीचाच कागद, नुसता टंक बदललेला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच दोर विणून आणायचा!

"वाचलं," ती म्हणाली. "सही नाही करणार."

"विचार करा."

"वायरमनदादा," वहिनी वळली, "नळी कुणी मारली, तुम्ही बघितलंत ना?"

वायरमननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मी... मीटरच्या खोलीत होतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी," तो म्हणाला. याचा त्याचा काय संबंध ते सगळ्यांना कळलं.

बाहेर येताच नणंदेचं अवसान गळालं. "वहिनी, काम गेलं तर गं? एक सहीच तर होती."

"काम गेलं तर दुसरं छत मिळेल. नाव गेलं की छतच मिळत नाही. मी ते वर्ष काढलंय, तू काढू नयेस." आणि मग, "मला पण भीती वाटतेय. तोंड बघू नकोस माझं असं."

चार वाजता मोठ्या बाई आल्या. साहेबांनी गाडीपाशीच गाठून सांगितलं, की सफाईच्या बायकांनी काचा फोडल्या आणि वर वरच्या नळाची मोडतोड केली. बाईंनी ऐकून घेतलं आणि वहिनीला विचारलं, "खरं आहे?"

"मूठ मी काढली, ते खरं आहे. ही बघा." वहिनीनं खिशातून मूठ काढून दाखवली. "काचा आम्ही फोडल्या, हे खोटं. माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवू नका. वर चला."

बाई शिडीकडे वळल्या.

"पट्टा बांधा आधी."

"दोन मिनिटांसाठी?"

"पडायला दोन मिनिटं लागत नाहीत. पट्ट्याशिवाय माझ्या छतावर कुणी चढत नाही."

माझ्या छतावर! साहेबांनी डोळे मोठे केले. मालकीणबाईंनी मात्र मुकाट्यानं हात वर केले आणि नणंदेकडून पट्टा बांधून घेतला. मग पट्टे बांधून वर गेली सगळी वरात: बाई, साहेब, वायरमन, माळी, नणंद, आणि पुढे वहिनी.

"या काचेवर तळहात ठेवा. मनात दहा मोजा," वहिनी म्हणाली.

बाईंनी सहाव्या ओळीच्या काचेवर हात ठेवला. चौथ्या आकड्याला काढला.

"हे चार वाजता. दोन वाजता काय असेल? आम्ही पाणी मारायच्या आधी रोज हेच करतो. आमचा हात टिकला नाही तर पाणी मारत नाही. आता सातवीकडे बघा. भिजल्या होत्या त्या काचांवर पांढरे डाग दिसतात?"

दिसत होते. धूळ ओघळून गेली होती आणि तिच्या जागी खडूच्या पाण्यासारखे गोल गोल डाग वाळले होते.

"बोअरच्या पाण्यातला क्षार. आमचं पाणी फिल्टरचं, त्याचा डाग पडत नाही. बाकीच्या आठ ओळी बघा, एक ठिपका सापडला तर मला सांगा. आणि फिल्टरच्या टाकीचं मीटर बघा. सकाळी काम संपवून मी वहीत आकडा लिहिलाय. आत्ता खाली जाऊन ताडून बघा, एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही. मग आम्ही काय थुंकीनं धुतली ही ओळ?"

"मी नुसतं स्वच्छ करा म्हणालो होतो," साहेब म्हणाले. "पद्धत काही सांगितली नव्हती."

"साहेब, तुम्ही म्हणालात ना, पलीकडूनही मार," माळी निरागसपणे म्हणाला. "मी मारलं. झाडांना मारतो तसं."

बाई वायरमनकडे वळल्या. "सातव्या ओळीचा आजचा आकडा?"

वायरमननं चष्मा पुसला. माणसांच्या बाबतीत तो हवं तसं न बघितल्यासारखं करू शकत होता, पण आकड्यांच्या बाबतीत त्याला ते जन्मात जमलं नसतं. "दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत नेहमीसारखा," तो म्हणाला. "बाकीच्या ओळींच्या पाऊण. गेला महिनाभर पाऊणच आहे. दोन दहाला मध्येच कोसळला."

"पाऊण?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"पाऊण. न धुतल्यामुळे."

मोठ्या बाई कठड्यापाशी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा व्यवहाराचा झाला होता.

"कळलं मला. आता ऐका. काचेच्या कंपनीला कारण कळवावं लागेल, आणि आमच्याच माणसानं हे केलं असं मला लिहून पाठवायचं नाही. वहीत लिहा, उष्णतेनं तडकल्या. कुणाचंच नाव नको. साहेबांची नोकरी राहील, तुम्ही दोघीही राहाल. यंत्राचा विषय मी आजच संपवते. चालेल?"

नणंदेनं वहिनीचा हात दाबला. हो म्हण, असं तो हात ओरडून सांगत होता. आणि खरं सांगायचं तर वहिनीच्या ओठांवर हो आलंसुद्धा होतं. सहा महिने ज्याच्यासाठी ती ओळ जपली, ते ताटात वाढून समोर आलं होतं.

"नाही चालणार," ती म्हणाली.

"काय?"

"उष्णतेनं नाही तडकल्या. उष्णता रोज सोसतात बिचाऱ्या, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. उद्या माझ्या जागी दुसरी कुणी येईल, वही उघडेल, वाचेल, उष्णतेनं तडकल्या. तिला वाटेल, दुपारी पाणी मारलं तरी चालतं, काचा काय अशाच फुटतात. मग ती मारेल, आणि तिच्या नावावर कागद निघेल. माझ्या नावावर निघाला होता, बाई. अठरा काचांचा. मी न वाचता सही केली होती. ती चूक एकदाच झाली. तुम्ही मला काम देऊन माझ्याकडून खोटं लिहून घेणार असाल, तर ही घ्या मूठ, आम्ही चाललो. आणि काम द्यायचं असेल, तर महिनाअखेरीला आकडे बघूनच द्या. मेहेरबानी म्हणून नको."

एवढं एका दमात बोलून तिचा श्वास संपला. मग तिनं काखेतली वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, म्हणजे नंतर कुणी ऐकलं नाही म्हणायला नको.

"ओळ सात. दुपारी दोन दहा. तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारलं. तीन काचा फुटल्या, बाकीच्यांवर क्षाराचे डाग. सफाईवाल्यांनी आधी नको म्हणून सांगितलं होतं. माळ्याची चूक नाही. पाणी मारायला सांगितलं इस्त्री..."

नणंद खोकली. वहिनीनं ते खोडलं आणि लिहिलं, "मॅनेजर यांनी."

तिनं वही फिरवून साहेबांपुढे धरली.

"आधी वाचा. मग सही करा."

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. एवढा वेळ सावलीत उभा राहिलेला माणूस, उन्हात पहिल्यांदाच घामाघूम झाला होता. बाईंनी पर्स उघडली, पेन काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वाचलं, आणि सही केली. पत्र्यावर वाकून सही करताना त्यांच्या पँटची इस्त्री गुडघ्याला पार मोडली.

शिडीपाशी बाई थांबल्या. "ती मूठ कुठे ठेवणार आहात?"

"माझ्याकडे."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उतरल्या. यंत्राचं नाव कुणी काढलं नाही, आणि कामाचंही नाही. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा दारातच सासूबाई बसल्या होत्या. लेकीनं आधीच फोन करून सगळं ओकलं होतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. पण विचारलं त्यांनी अकरा वर्षांपूर्वीचंच.

"सही वाचून केलीस ना?"

"केली नाही, आई," वहिनी म्हणाली. "करून घेतली."

सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दारातून सरकून वाट दिली.

"बूट बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "आणि बस. आज पान मी वाढते."